देवरावभाऊंनी ओळखलेला रंग

वहिनी, आणि मंडळी, भाऊंच्या शोकसभेला तुम्ही सगळे आपापली दुकानं बंद ठेवून आलात. मी पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा, त्यांच्या आवाजात बोलणारा माणूस. इतक्या शांततेत बोलणं जड जातं. तरी बोलतो, कारण मी आज इथं उभा आहे तो देवरावभाऊंमुळे.

नाचणगावच्या या सलूनमध्ये चौदा वर्षं त्यांनी माझी दाढी केली. दर रविवारी. आता नेमकं सांगतो. माझे हृदयाचे ठोके चुकायचे, त्यासाठी तीन वर्षं एक गोळी सुरू होती. कपाळ आणि नाक हळूहळू निळसर काळं पडलं. मी म्हणायचो, ऊन. धाप लागायची. मी म्हणायचो, वय. मोटार वाइंडिंग मी पुस्तकं वाचून शिकलो. गोळीच्या डबीतला इंग्रजी कागदही शब्दकोश घेऊन वाचला होता. त्वचा, फुप्फुस, दोन्ही शब्द त्यातल्या दुष्परिणामांत होते. वाचले, आणि घडी घालून ठेवून दिले.

मुलीचं लग्न ठरलं, साक्षगंध आठवड्यावर आलं. भाऊंना म्हटलं, ब्लीच करून द्या. त्यांनी ब्लीचची डबी उघडलीच नाही. कपाळ पाहिलं, कानामागची कातडी पाहिली. म्हणाले, हा उन्हाचा रंग नाही, औषधाचा असंल, आणि तुमी बोलता बोलता दम घ्यायले थांबून राह्यले. मी चिडलो. चार गिऱ्हाइकं बसली होती. कधी नव्हे ते त्यांना ‘तू’ म्हटलं. ‘तू कैची चालव, डॉक्टर होऊ नको.’

ते हळूच बोलले, ‘भाऊ, तुमी तुमचा चेहरा आरशात पाह्यता. मी हातात धरतो. गोळी आपल्या मनानं बंद नोका करू. डॉक्टरले दाखवजा.’

मी वर्ध्याला गेलो. छातीचा फोटो काढला. गोळीनंच फुप्फुसाला सूज आली होती. डॉक्टरांनी औषध बदललं. आणखी उशीर झाला असता तर फुप्फुस कायमचं कडक झालं असतं, म्हणाले. गोळी वाईट नव्हती मंडळी, तिनंच हृदय सांभाळलं. पण कुणीतरी माझ्याकडे नीट पाहायला हवं होतं. भाऊंनी पाहिलं.

बरा झाल्यावर सलून रिकामं असेल अशी वेळ साधून गेलो. माफी मागितली. ते म्हणाले, ‘बसा, दाढी वाढली.’

वहिनी, अपमान चौघांत केला आणि माफी एकांतात मागितली. हे माप चुकलं. त्या चौघांपैकी दोघं आज समोर बसले आहेत. त्यांच्यासमोर, तुम्हा सगळ्यांसमोर हात जोडतो. देवरावभाऊ, मी चुकलो. तुम्ही बरोबर होतात.

आता सगळे उभे राहू या. माझे हात जोडलेलेच राहतील. ते खाली येईपर्यंत कुणी बोलू नका.