इंजिनावर बाईचं नाव

चमक कशाले म्हणतेत ते मले विचारा. चाळीस वर्षं भंडाऱ्यात पितळेची भांडी चमकवली, पण ज्या कामाची मले आजही ऐट आहे, ते ॲल्युमिनियमचं होतं.

जवाहरनगरात, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत, तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. तिथले एक पुण्याकडचे साहेब आपल्या मोटारीच्या इंजिनावरचं झाकण घेऊन आले. कोणीतरी सोड्यानं धुतलं होतं, तव्यासारखं काळं पडलं होतं. मी सवयीनं विचारलं, "घरच्या बाईंचं नाव काय?" साहेबाले वाटलं, पावतीसाठी असन. म्हणाले, "सुमन."

दोन दिवस घासलं. असं चमकलं, का त्यात पाहून मी दाढी केली, खोटं नाही सांगत. अन् मग हात थांबलाच नाही. आपल्याकडे भांडं चमकलं का त्याच्यावर घरच्या बाईचं नाव टाकाचं, तसं टाकलं. ठिपक्या-ठिपक्यानं, 'सौ. सुमन'.

साहेब न्याले आले, अन् भडकलेच. "अहो, हे काय लग्नातलं पातेलं आहे? घासून काढा ते!"

"काढतो जी," मी म्हटलं, "पण एक डाव बाईंले तर दाखवा."

बाई सोबतच होत्या. त्यायनं नावावरून बोट फिरवलं. "राहू द्या," म्हणाल्या, अन् झाकण पदराखाली घेऊन चालू लागल्या.

महिन्याभरानं साहेब एकटेच आले. हातात मोटरसायकलच्या इंजिनाचं झाकण. मागं-पुढं पाहून हळूच म्हणाले, "यावर माझं नाव टाका. निदान एक गाडी तरी माझी राहू द्या."