कॅन्टवेलपर्यंत गाडी कोण चालवणार?

हॅलो? … हॅलो, सावनी? … अगं मी, रत्ना! … हो, हो, जिवंत आहे! ओरडू नकोस, ऐकू येतंय मला.

रेंज कुठली गं इथे? सकाळपासून फोन नुसता शोभेला. आत्ता वाटेत एक लॉज लागलं, त्यांच्या वाय-फायवरून बोलतेय… अलास्काच! देनाली हायवे. हायवे म्हणायचं आपलं, सगळी खडी आणि धूळ. भाड्याची गाडी पांढरी होती म्हणे.

नाही नाही, बरे आहोत. म्हणजे… मी बरी आहे. देवदत्तची कंबर धरलीय. … हो, चांगलीच. अगं ऐक ना, पहिल्यापासून सांगते.

सकाळी एका तळ्यापाशी खायला थांबलो. मागची डिकी उघडली, तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, लोणचं काढलं… आपण घाटात नाही का थांबत, तसं. तर जी गाडी येईल ती थांबतेय! ‘ठीक आहात ना? टायर गेला का? पाणी हवंय?’ … छे गं, ओळखीचे कसले! इथे पद्धतच आहे, डिकी उघडी दिसली की थांबायचं म्हणजे थांबायचं. मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही, मग जो येईल त्यानं विचारायला नको? मला इतकं भरून आलं! मग काय, प्रत्येकाच्या हातावर पुरी. एका दाढीवाल्या शिकाऱ्यानं तर लोणच्याची फोड पार चोखून खाल्ली.

देव? तो मेला लाजून. ‘डिकी बंद कर आधी, लोकांना उगाच त्रास.’ आणि पुढे खरंच टायर फुटला तर माझ्या नवरोबानं काय करावं? स्टेपनी उचलायला गेला, कंबरेत उसण भरली, सरळ होता येईना. तेवढ्यात एक ट्रक थांबला, तर हा ओणव्यानंच हात हलवतोय, ‘ऑल गुड! ऑल गुड!’ … हसू नकोस! गेला ना तो ट्रक! मी धावले मागून स्कार्फ फडकवत.

थांबला, थांबला. बाई होती चालवणारी, आपल्याच वयाची, शेजारी दोन कुत्री. बोलता बोलता चाक बदललं तिनं. म्हणाली, गाडी इथेच ठेवा, दोघं माझ्या ट्रकमधून चला. आणि मी म्हटलं, नको, मी चालवते.

… हो, मी. … अगं मीच! सावनी, तू आधी खाली बस बघू.

माहितीये गं. घराजवळच्या त्या फोर-ओ-फाइव्ह हायवेवर ट्रकनं हॉर्न मारला आणि मी कडेला गाडी लावून रडत बसले. माझी रुही तेव्हा कारसीटमध्ये होती, आता तिचं कॉलेज संपलं. तेव्हापासून मी आणि आमच्या बॉथेल गावातल्या गल्ल्या. फार तर लायब्ररी. सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, रत्नाला हायवे जमत नाही. मी पण ठरवलं.

भीती? वाटणारच की! खाली खडी सरकतेय, शेजारी देव ‘ब्रेक, ब्रेक’… मग एक मोठा चढ संपला आणि… काय सांगू तुला. समोर बर्फाचे डोंगर, अख्खी रांग, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि खाली सगळं लाल! झुडपं गं, गुडघ्याएवढी, पण लांबवर नुसतं कुंकू सांडल्यासारखं. मधून नदी, तिच्या सतरा धारा. कॅरिबू हरणं ऐटीत रस्ता ओलांडत होती. मी इंजिन बंद केलं. इतकं शांत, सावनी, इतकं शांत… रडूच आलं मला. … सुखानं गं, वेडे!

आणि पुढे निघाल्यावर बघते तर देव झोपलेला. घोरत! … हो ना! मी पार्किंगमधून गाडी काढताना वरचं हँडल धरून बसणारा माणूस! … गोळीनं? असेल, कंबरेसाठी घेतली होती खरी. असू दे ना, झोपला तर खरा.

अजून निम्म्याहून जास्त रस्ता उरलाय, कॅन्टवेलपर्यंत. पुढे एक लांबलचक अरुंद पूल आहे म्हणतात. आणि देव सूप पिऊन म्हणतोय, बरं वाटतंय आता. … तेच तर! बरं वाटतंय म्हणजे किल्ली मागणार. … नाही, मला नाही द्यायची! … हट्टी तर हट्टी. हा रस्ता मला माझ्या हातानं संपवायचाय. अर्ध्यावर सोडला ना, तर घरी येऊन मी परत तीच, लायब्ररीपर्यंतची.

भांडू? कंबर धरलेल्या माणसाशी काय भांडू?

थांब… थांब थांब. टेबलावरची किल्ली कुठे गेली? … अगं, तो बाहेर निघालाय. खिडकीतून दिसतोय, वाकडा वाकडा चालतोय. … गाडीपाशी गेला. ड्रायव्हरच्या बाजूला. … झालं. दार उघडलं.

… काही नाही गं. … नाही, रडत नाहीये. पण वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

… अगंबाई.

नाही बसला. किल्ली आत ठेवली नुसती. काच पुसतोय. सावनी, तो कंबर धरून माझ्या बाजूची काच पुसतोय! नव्या मफलरनं! … आता पलीकडच्या बाजूला जातोय… सावकाश रे… बसला. बसला गं शेजारच्या सीटवर! पट्टासुद्धा लावला.

… किती वेळ लागेल ते कसं सांगू? घाई नाहीये मला. बघत बघत जाणार. … हो, हो… बरं… अगं ठेव ना आता, तो वाट बघतोय माझी!