मांडेवालीच्या घरातलं पीठ

मी नशिराबादची, दिली पिंप्राळ्यात. मायनं मले दोन गोष्टी दिल्या, मांडे करायचा हात अन् लाकडाची काठवट. मांड्याची कणीक काय, भाकरीचं पीठ काय, बठ्ठं मी त्या काठवटीतच मळे. लोकांच्या आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, अन् लग्नाचे मांडे माझ्याकडूनच जात. पीठ फडक्यातून गाळायचं, मांडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करायचा अन् खापरावर टाकायचा. मालक रिक्षा चालवतात, पण घर मांड्यांवर चाललं, खोटं कायले बोलू.

भावना माझी एकुलती पोरगी. सात वर्षांची असताना तिले साखर निघाली. लोक म्हणे एवढ्याशा पोरीले साखर कशी, तूच गोड चारलं असशील. काय सांगू ताई तुम्हाले, ऐकून ऐकून जीव इटून गेला. इंजेक्शन द्यायचं मी शिकली. तरी पोरगी वाढेना, पोट फुगलेलं, हातपाय काड्या, साखर कधीबी एकदम खाली जाये. मग डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं अन् म्हणे हिले गहू चालत नाई. गहू पोटात गेला की हिचं शरीर आपल्याच आतड्याशी भांडतं, साखर बी अशाच भांडणातून झाली, एकासंगं दुसरं निघतं, आता थायरॉइड बी बघत राहावं लागंल. माझ्या घरात गव्हाबिगर दुसरं व्हतं काय!

पोळी बंद, बिस्कीट बंद, नुसती कळण्याची भाकर, ज्वारी-उडदाची. सासूबाई म्हणे आपली माणसं कळण्यावरच जगली, कायले भिते. वर्ष गेलं, रक्ताच्या रिपोर्टातला गव्हाचा आकडा काही उतरेना. डॉक्टरीणबाई म्हणे ही लपून खाते का. मी घरी येऊन पोरीले मारलं. हो, मारलं. ती रडत रडत म्हणे माय, तुझी शप्पथ, मी नाई खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तिचीच भाकर मळताना काठवटीच्या भेगेत नख गेलं, अन् नखात वाळकी कणीक आली. मांड्याची. वरून ते गाळलेलं पीठ दिवसभर घरात उडे, तिच्या ताटावर, माठावर बसे. पोरगी खरं बोलत व्हती ताई. तिच्या भाकरीत गहू मीच कालवत व्हती.

मांडे सोडले. काठवट भावजयीले देऊन टाकली, देताना लई रडली. गिरणीत गहू बी दळतात, म्हणून आता ज्वारी घरच्या जात्यावर दळते, कळण्याच्या भाकरी अन् भरीत विकते. मांड्याएवढं सुटत नाई, खांदे भरून येतात, थकली मी. पण रिपोर्ट उतरला, अन् पोरगी दोन बोटं उंच झाली.

परवा आखाजीले लग्न झालेल्या पोरी माहेरी आल्या, गल्लीत खापरं पेटली, वास घरात आला. भावना म्हणे माय, मी सासरी गेल्यावर आखाजीले येईन, तवा मले काय करशील? मी म्हणलं कळण्याची भाकर. ती हसली. म्हणे, मग येईन.

ये माय, दर सालाले ये. मांडे लोकं खातील.