माथ्यावरचं जांभूळ

दातांच्या दवाखान्यात माझा पाचवा नंबर होता. शेजारच्या बाकावर एक निवृत्त वनरक्षक आणि त्यांची लेक बसली होती.

"बाबा, आता हट्ट पुरे. ते डोंगराखालचं घर आवरायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं."

"सातव्या मजल्यावर? अगं, ओल बघून झाड लावावं. ओढ्याकाठचं जांभूळ माथ्यावर नेलं की वाळतं. सागाला खाली पाणथळीत लावलं की त्याची मुळं कुजतात."

"जगाला शिकवता, आणि नोकरी लागल्या लागल्या रोपांचे भारे उलटे लावले ते कोणी?"

"साहेब म्हणाले, उजवीकडचा भारा वर न्या. आम्ही समोरासमोर उभे! त्यांचं उजवं ते माझं डावं."

"मग सगळे साग कुजले."

"एकूण एक. आणि वर जांभळं वाळली. खडकात ओल कुठली?"

"एक सोडून."

"हो. एक सोडून."

"ते कसं जगलं, बाबा?"

"तुला ठाऊक आहे की."

"तरी सांगा."

"तुझी आई रोज कळशी घेऊन चढायची. चार उन्हाळे. म्हणायची, चूक तुमची, त्या झाडानं काय घोडं मारलंय?"

"मग मी तिचीच लेक ना?"

"…तुमच्याकडे नळाला पाणी किती वेळ असतं गं?"

"दिवसभर."

"असू दे. तरी सामानात आईची कळशी आधी बांध."