पहिल्या पिंपातली लाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन माननीय भागोजीशेठ, त्यांच्या शेजारी विराजमान झालेले आपल्या शाळेचे मुख्याध्यापक काळूराम गुरुजी, सत्कारमूर्ती कुमारी नलू टिपणीस, समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मायबहिणी, आणि मागे भिंतीला टेकून चहाच्या किटलीवर नजर ठेवून उभे असलेले माझे बंधू, आपणा सर्वांना या गुणाजीचा नमस्कार.

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून दोन शब्द बोलायची आज्ञा मला झाली आहे. थोडक्यात आटपा, असं अध्यक्षांनी बजावलं आहे. अध्यक्ष स्वतः आत्ता किती थोडक्यात बोलले ते आपण ऐकलंच. बाहेर ओहोटी लागली ती त्यांच्या प्रास्ताविकातच लागली.

असो. नलूताई आपल्या बंदरावर आल्या तो दिवस आपल्याला आठवत असेल. मासळी खारवायच्या सरकारी केंद्रात जंतुशास्त्र शिकलेल्या बाई येणार, असा हुकूम आधीच आला होता. धक्क्यावर ताई उतरल्या, हातात एक लाकडी पेटी. आमचा पुतण्या मोरू पेटी घ्यायला पुढे झाला, तर ताईंनी ती दिली नाही. चिखलातून स्वतः उचलून केंद्रापर्यंत नेली. झालं. एवढ्या जपून आणलेल्या पेटीत शिवणयंत्रच असणार, असं बायकांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या दारात पोलक्यांची कापडं घेऊन ही रांग. ताईंनी पेटी उघडून सूक्ष्मदर्शक दाखवला, तेव्हा रांगेतली एक बाई, नाव सांगत नाही, ती पहिल्या ओळीत बसून आत्ता पदराआड हसते आहे, म्हणाली, "यानं पोलकं कसं शिवायचं गो?"

ताई, तुम्ही हसलात. पण त्या बायकांचं कापड परत गेलं याचा राग काही दिवस राहिला होता, हे तुम्हाला आज सांगून टाकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ती माझ्याच घरची आहे, म्हणून सांगायला संकोच वाटतो. पण ती सांगितल्याशिवाय आजचा निरोप पुरा व्हायचा नाही. शिवाय ज्यांची परवानगी घ्यायला हवी त्या आमच्या ठमावहिनी, मोरूची आई, समोरच बसल्या आहेत. मघाशी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "सांग, पन वाढवून सांगू नको." मी शब्द दिला आहे. वाढवायची गरजच नाही, वहिनी मुळातच पुरेशा आहेत.

आपल्या बंदराची रीत गुरुजींसारख्या बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या, की मोसमातलं पहिलं पिंप घरातल्या नव्या सुनेनं खारवायचं. सुरमई चिरायची, मीठ भरायचं, थर लावायचे, वर दगड ठेवायचा, सगळं तिच्या हातानं. पिंप उघडलं आणि मासळी पांढरीस्वच्छ निघाली, तर सून घरात रुजली. त्यावर मिठागरातल्या पाण्यासारखी लाल बुरशी चढली, तर तिच्या हाताला यश नाही. मग काय करायचं, ते ज्या त्या सासूनं ठरवायचं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मोरूचं लग्न झालं. बोर्ली पंचतनाकडच्या कोळीवाड्यातली राही सून म्हणून घरात आली. कामाला वाघीण, पण बोलायला गरीब. तिनं पहिलं पिंप खारवलं. उघडलं, तर लालभडक. वरपासून तळापर्यंत, हात घातला तर बुळबुळीत, आणि वास असा की मांजरही लांबून जात होतं.

ठमावहिनींच्या हाताचं खारं आजवर मुंबईच्या बाजारात नावानं विकलं गेलेलं. त्या काही ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरीच्या हाताला यश न्हाय. दिसां-दोन दिसांनी तिला म्हायेरी सोडून ये." मोरूनं मान खाली घातली. आणि मी? आमच्या घरात माझं जेवढं ऐकलं जातं, तेवढं याही वेळी ऐकलं गेलं. राही गेली. जाताना तिनं रिकामं पिंप घासून उपडं घातलं आणि मग होडीत बसली. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

आता नलूताईंना हे कसं कळलं? त्यांना सगळंच कळतं. तपासणीसाठी त्या खराब मासळीचा एक तुकडा केंद्रात गेला होता. दोन दिवसांनी ताई थेट आमच्या पडवीत. म्हणाल्या, "ठमाबाई, हा दोष मिठाचा आहे, हाताचा नाही. मिठागरातल्या मिठातूनच हे जंतू येतात."

वहिनी म्हणाल्या, "मिठात काय जगतंय बाय? मिठानं तर समदं मरतंय."

प्रश्न बिनतोड होता की नाही? आपण मीठ घालतो ते कशासाठी? ताई तिथंच बसल्या. पिंपाच्या झाकणावर खडूनं लांबट आकार काढला आणि समजावू लागल्या. आपल्या शरीरातल्या पेशीला माजघर असतं, म्हणाल्या, त्यात कुळाची सारी विद्या वेगळी जपून ठेवलेली असते. या जंतूच्या घरात माजघरच नाही. बाहेर भिंत, तिच्या आत एक पातळ पडदा, आणि आत सगळं एकाच खोलीत. विद्येचा लांबच लांब दोरा तसाच गुंडाळून पडलेला. त्याच्या अवतीभवती बारीक बारीक दाणे, त्यांच्यावर एन्झाइम तयार होतात. एन्झाइम म्हणजे जंतूच्या घरातले कामकरी. एकानं एकच काम करायचं. मासळीचं मांस तोडणारा वेगळा, तोडलेल्याचे आणखी तुकडे करणारा वेगळा, त्यातून ताकद काढणारा वेगळा.

वहिनींना हे लगेच पटलं. म्हणाल्या, "आमच्यात बी चिरणारी येगली, वाहनारी येगली. पन मिठाचं काय?"

तर इतर जंतूंचे कामकरी मिठात लुळे पडतात, म्हणून मीठ मासळी राखतं. या तांबड्याचे कामकरी उलटे. त्यांना मीठ असलं तरच अंगात बळ येतं, मीठ काढलं की ते लुळे. बाकीचे सगळे मेले की पिंपात एकटा हाच राहतो आणि चैन करतो.

मी मागे उभा राहून ऐकत होतो. मला वाटलं, झालं, पटलं. पण वहिनी उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "चित्र ब्येस काडलंस. पन पोरीच्या हाताला यश न्हाय."

ताईंच्या जागी दुसरं कोणी असतं तर रिपोर्ट लिहून मोकळं झालं असतं. ताईंनी काय केलं? त्याच पोत्यातलं मीठ मागून घेतलं आणि स्वतः एक पिंप खारवलं. चौलच्या नारळी-पोफळीत वाढलेली मुलगी ही. सुरमई चिरताना बोटाला दोनदा कापून घेतलं, थर असे वाकडे लावले की आमच्या घरातल्या लहान पोरी तोंड लपवून हसल्या. दिवस भरले, पिंप उघडलं. लाल.

ताई विजयानं वहिनींकडे पाहायला लागल्या. आता तरी पटलं ना, अशा नजरेनं. वहिनींनी पिंपात पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि फार मायेनं म्हणाल्या, "तुज्याबी हाताला यश न्हाय, बाय. वाईट वाटून घेऊ नको."

मंडळी, शास्त्राचा एवढा मोठा पराभव मी दुसरा पाहिला नाही. ताई, त्या दिवशी तुमचा चेहरा त्या सुरमईपेक्षा लाल झाला होता.

पण ताईही काही कमी नाहीत. त्यांनी तिथल्या तिथं डाव टाकला. "मग तुम्ही खारवा, ठमाबाई. हेच मीठ, तुमचा हात." आता साऱ्या बंदरासमोर विचारल्यावर वहिनी मागे सरतील काय? त्यांनी खारवलं. कसं खारवलं, ते काय सांगू? थर असा की गवंड्यानं पाणसळ लावून बघावी. आम्हा सगळ्यांना खात्री होती की आता ताईंनी बॅग भरायला घ्यावी.

वहिनींनी ते पिंप कुणाला न बोलावता एकटीनं उघडलं. मी पडवीत जाळं विणत होतो. झाकण उघडल्याचा आवाज आला, पण वहिनी बाहेर आल्या नाहीत. मी आत डोकावलो. ज्या हाताची मासळी जन्मात कधी लाल झाली नाही, तो हात कोपरापर्यंत तांबडा घेऊन वहिनी पिंपाशी बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी हात पदरात लपवला. त्या घडीला मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही. आजही वाटत नाही.

त्या तशाच उठल्या आणि केंद्रात गेल्या. मी मागोमाग. ताईंना म्हणाल्या, "दाखव मना, कोन हाय तो."

ताईंनी मिठाच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शक लावून दिला. वहिनी एक डोळा मिटून पाहत राहिल्या. बारीक काड्यांसारखे जंतू हलत होते. "किती गो ही," म्हणाल्या. मग ताईंनी काचेच्या कडेनं गोड्या पाण्याचा थेंब सोडला. "आता बघा," म्हणाल्या. काड्या फुगल्या, वाटोळ्या झाल्या आणि बघता बघता एकेक नाहीशी झाली.

"कुठं गेली?"

"फुटली. खाऱ्या पाण्यातून काढून गोड्यात टाकलं, की त्यांचं घर टिकत नाही. भिंत सुटते, आतलं सगळं बाहेर येतं."

ताईंना वाटलं, वहिनी खूश होतील. उपाय सापडला होता, पिंपं गोड्या पाण्यानं घासायची, मीठ भाजून घ्यायचं, की तांबडा गेला. पण वहिनी काचेपासून डोळा काढीनात. मग हळूच म्हणाल्या, "बिचारी. गोडंच पानी घातलं, पन तिच्या घरचं नव्हं ते." आणि जरा वेळानं माझ्याकडे वळून, "गुणाजी, उद्या होडी कवा सुटते दिघीला?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून सांगतो. दिघीपासून बोर्लीपर्यंत वहिनी माझ्या पुढेच चालत होत्या. राहीची आई सगुणा अंगणात होती, तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही, आणि का म्हणावं? राही दारात आली. तिच्या अंगावरचं मांस उतरलं होतं. वहिनींनी पुढे होऊन आपले दोन्ही हात तिच्यासमोर उघडे धरले. म्हणाल्या, "चल गो. माज्याबी हाताला यश न्हाय. आता दोगी मिळून खारवू."

तीच राही आज सतरंजीवर वहिनींच्या मांडीला मांडी लावून बसली आहे, आणि तिच्या मांडीवर जो मघापासून माझं भाषण ऐकून रडतो आहे, तो माझा नातू. त्याचं मत मी मनावर घेत नाही.

तर ताई, यंदा बंदरावर एकही नवी सून आली नाही. पहिलं पिंप कुणी खारवायचं, असा प्रश्न पडला, तेव्हा वहिनींनीच ठरवलं की ते तुम्ही खारवायचं. या खेपेला बोटही कापलं नाहीत, थरही सरळ लावलेत. ते पिंप आज सकाळी उघडलं. इथल्या पुष्कळांना ते माहीत नाही, म्हणून सांगतो.

एका कोपऱ्यात लाल निघालं.

मीठ भाजायला कुणी सांगितलं होतं? ताईंनी. आणि न भाजताच ते पोतं कुणी पुढे केलं? अध्यक्षमहाराज, मी तुमच्याकडे पाहत नाही, छताकडे पाहतो आहे. पण त्या क्षणी ताईंचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. एवढं शिकवून जायच्या दिवशी आपलंच पिंप लाल निघावं. चूक आपल्या हातची नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी डोळ्यांत पाणी आलं. माणूस शास्त्र कितीही शिकलं, तरी सासूपुढे पिंप उघडताना घाबरतंच.

वहिनींनी तो कोपरा अंगठ्यानं खरवडला, बाजूला टाकला आणि जमलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मीठ वाईट हाय. पोर आपली हाय."

ताई, आमच्या जुन्या कायद्यानं तुम्हाला आज फार तर चौलला माहेरी धाडता आलं असतं. तुमच्या नव्या कायद्यानं तर कुठेच धाडता येत नाही, कारणच उरलं नाही. आणि सरकार तुम्हाला पार भंडाऱ्याला, तळ्यांच्या मुलखात, गोड्या पाण्यातल्या माशांच्या केंद्रावर धाडतं आहे. ते कुठल्या कायद्यानं, हे मला तरी समजलेलं नाही. एवढं मात्र कळतं की तिथलं पाणी गोडं असलं, तरी तुमच्या घरचं नाही. म्हणून वहिनींनी तुमच्या त्या पेटीशेजारी मिठाची एक पुरचुंडी बांधून ठेवली आहे. भाजलेल्या मिठाची. रोज चिमूटभर जेवणात टाका आणि तब्येतीला जपा. फार जड वाटलं तर परत या. होडी घेऊन कुणीतरी येईल, आणि येणाऱ्याच्या हातात पिंप नसेल, असा शब्द मी सोसायटीच्या वतीनं देतो.

अध्यक्षांचे, गुरुजींचे, सतरंज्या देणाऱ्या देवळाच्या पंचांचे आणि चहा निवू न देणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. आणि माझ्या बोलण्यात कुठल्या कोपऱ्यात काही तांबूस निघालं असेल, तर आपण नलूताईंनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे वागावं. दोष मिठाला द्यावा, हाताला देऊ नये.