मास्तरांचा कामाचा हात

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब, कार्यशाळेतील माझे सहकारी, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे मास्तर,

सर्वांना माझा नमस्कार. मला बोलता येत नाही हे अध्यक्षांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनी पाचच मिनिटं दिली आहेत.

मास्तरांनी एकतीस वर्षं कृत्रिम डोळे रंगवले. माणूस समोर बसायचा. त्याच्या शाबूत डोळ्यात बघत मास्तर बुबुळाचा रंग जुळवायचे, लाल शिरांसाठी रेशमाचा एकेक तंतू ठेवायचे. हे सगळं डाव्या हाताने. लिहायचे मात्र उजव्याने. शाळेत म्हणे डावा हात बाकाला बांधत. तेव्हापासून कामाचं मेज सोडलं तर परक्या माणसासमोर तो हात कायम पाठीमागे.

मग दोन्ही हात थरथरू लागले. गोळ्या घेऊन झाल्या, फरक पडला नाही. चहा अर्धा बशीत, अर्धा सदऱ्यावर. वहिनी म्हणायच्या, "कप कशाला देऊ, थेट सदराच भिजवते!" हसायचो आम्ही. दुसरं काय करणार?

डॉक्टरसाहेब, तुम्ही किरणांच्या उपचाराबद्दल सांगितलंत. कवटी उघडायची नाही. डोक्याला चौकट घट्ट बसवायची आणि अनेक किरण मेंदूतल्या एकाच ठिपक्यावर आणायचे. मास्तर खूश झाले. "माझ्या ब्रशापेक्षा तुमचा नेम बारीक दिसतोय," म्हणाले. मग तुम्ही विचारलंत, "सध्या एकाच बाजूचं करू. कामाचा हात कोणता?"

मास्तर म्हणाले, "उजवा."

मी शेजारीच होते. आमच्या कार्यशाळेत एक शिस्त आहे: बाहेरच्या माणसासमोर मास्तरांचं वाक्य कुणी दुरुस्त करायचं नाही. मी ती पाळली. वाटलं, लिहिण्याबद्दल म्हणत असतील. आत तपासायला नेल्यावर सांगतील. ते चारचौघांत संकोचले होते, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

वहिनींना उपचार होऊन गेल्यावर समजलं. "तुझ्या तोंडाला कुलूप होतं का गं?" एवढंच बोलल्या.

चौथ्या महिन्यात उजवा हात शांत झाला. उपचार अगदी यशस्वी, डॉक्टरसाहेब. त्यात तुमची तसूभरही चूक नाही. दुसऱ्या बाजूचं विचारलं, तेव्हा तुम्ही तपासून म्हणालात, बोलण्यावर आणि तोलावर परिणाम होईल, या वयात नको.

मास्तरांनी उजव्या हाताने शिकायचा प्रयत्न केला. सात महिने. अपघातात डोळा गमावलेल्या एका शिक्षिकेसाठी त्यांनी बुबुळ रंगवलं. रेघ कुठे हलली नव्हती. मास्तरांनी ते खिडकीपाशी नेलं, बराच वेळ पाहिलं. "सुबक आहे. पण हा डोळा कुणाकडे बघत नाही," म्हणाले, आणि ब्रश माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. अक्षर मोत्यासारखं होतं.

मास्तर, आजवर तुम्ही मला एका शब्दाने दोष दिला नाहीत. दिला असतात तर बरं झालं असतं.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. भाषणात काही अधिकउणं झालं असेल तर सभेने पोटात घालावं. मास्तर, त्या दिवशी मी गप्प बसले, ते मात्र पोटात घालू नका. मी तुमच्या घरी आले की दार उघडा आणि मला काय ते बोला.