पहिल्या ओळीची तहान

गोजरबाई : उपट म्हनलं ना बे, मतीन! तुह्या बापानं, नजीर मिस्तरीनं, आमच्या इंजिनले हात लावला का पाट भरून वाहे. अन् तू ही खुट्टी गाडली त् माह्या ओळीचे संत्रे सुकले.

मतीन : उपटतो आजी, गुस्सा नका होऊ. पन आधी देखू तर द्या. बाकीच्या बगिच्यात ह्याच खुट्ट्या आहेत, तिथं झाडं एकदम मस्त. ह्याच ओळीले काय झालं?

सुचिता : आत्याबाई, खुट्टी फक्त जमिनीतली ओल मोजते. ओल कमी झाली की फोनले कळवते, मग फोनवर दाबलं की त्या ओळीचं पाणी सुटते.

गोजरबाई : कुठं सुटलं? पानं कसे सुरळी झाले पाहा! तुह्या मामाजीनं, माह्या मालकानं, ही पहिली ओळ लावली तवा तुहा नवरा दीपक तिसरीत होता. रोपं यष्टीच्या टपावर बांधून आनले, अन् सोता वर चढून बसले. कंडक्टर म्हने, खाली या. त् म्हनत, रोपाले वारा लागन, मी आडवा बसतो.

सुचिता : मले ठाऊक आहे हो. म्हणून तर माझा जीव तुटून राह्यला. रोज फोन पाहिला, रोज म्हणे ‘भरपूर ओल’. मी भरवसा ठेवला. आज पानं पाहिली अन् मतीनभाऊले बोलावलं. ही ओळ गेली ना, तर बाकीच्या खुट्ट्या मी माझ्या हातानं काढीन.

गोजरबाई : काढशीन त्! झाडं कोन आनून देईन? ते आता टपावर बसाले येनार हायेत का?

मतीन : भाभी, हे बघा इकडं. सेन्सर खराब नाही. रोज सकाळी ओल एकदम चढते, मग हळूहळू उतरते. फिर दुसऱ्या सकाळी चढते. पाणी येतं कुठून? व्हॉल्व्ह तर बंद.

सुचिता : नळी फुटली असंन.

मतीन : देखली. चांगली आहे. अन् नळी फुटली तर रोज गळंन ना. ह्या मंगळवारी ओल चढलीच नाही.

सुचिता : मंगळवारी... आत्याबाई, मंगळवारी तर तुम्ही मेहकरले बालाजीले गेल्या होत्या.

गोजरबाई : मंग? म्या देवाले जाऊ नाही का? आता देवदर्शनाचीही ओल मोजतं वाटते तुहं यंत्र!

सुचिता : तसं नाही. तुम्ही रोज सकाळी इकडं येता, तांब्या घेऊन. मले वाटे, तोंड धुवाले नेता.

गोजरबाई : तथी बसत ते. बरोबर तथीच, जथी तुमी हे लोखंड गाडलं. जागा मोकळी दिसली तुमाले! मोकळी नोहती ती. जलमभर बसून बसून गवत उगवू देलं नाही त्यायनं तथी.

मतीन : माफ करा आजी. आम्हाले काय मालूम.

गोजरबाई : तुह्या बापाले मालूम होतं. बाजूले बसून भाकर खाल्ली त्यानं. तवा इंजिन होतं ना, ठक ठक ठक, गावात माह्या चुलीपर्यंत आयकू ये. आवाज बंद झाला का मी समजो, बसले आता. भाकर फडक्यात बांधो अन् निंगो. अन् मानूस असं, का तहान लागली त् तोंडानं सांगनार नाही. रिकामा तांब्या पालथा घालून ठेवत. मी पालथा तांब्या पाहो अन् हिरीवर जाओ.

सुचिता : अन् आता...

गोजरबाई : आता पालथा घालाले कोन हाये? म्हनून मीच वततो रोज एक तांब्या. गेले तवापासून. चुकलं का माहं?

सुचिता : नाही हो. पण खुट्टीले वाटते, सारी ओळच प्यायली. एका तांब्यानं तिचं पोट भरते, अन् बाकीची झाडं...

गोजरबाई : उपाशी राह्यले. समजलं मले, अडानी असली तरी. म्हंजे मीच वाळवले त्यायचे झाडं.

मतीन : वाळले नाहीत आजी, फांदीत जान आहे. आज पाणी भेटलं तर धरतील. मी खुट्टी काढून त्या टोकाले लावतो. तुम्ही इथं आरामसे तांब्या वता.

गोजरबाई : हात नको लावू. राहू दे तथीच.

सुचिता : मग पाणी वतता येणार नाही तुम्हाले.

गोजरबाई : आजचा तांब्या राह्यलाच, आता नाही वतत. ते एकटे कधी पानी पेत नोहते. आधी बैल, मंग सालदार गडी, मंग ते. मी एकट्यायलेच पाजत बसली... बरं, मले येक सांग बे मतीन. ओल कमी झाली, हे मले कसं समजीन? मले वाचता येत नाही.

मतीन : फोन बोलून सांगतो ना! मराठीत. आत्ता हिला ‘ओळ एक’ नाव आहे. दुसरं नाव द्यायचं का?

गोजरबाई : सूनबाई, तू दे. मी त्यायचं नाव नाही घेत.

सुचिता : काऊन?

गोजरबाई : काऊन म्हंजे? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्याच्यामांगं रेशनच्या दुकानातही दीपकनंच सांगतलं.

सुचिता : लिहा मतीनभाऊ. जानराव.

मतीन : लिहिलं. ओल मोजायले लावतो आता. आवाज मोठा करतो.

(मतीन फोन गोजरबाईसमोर धरतो.)

फोन : जानराव. ओल कमी आहे. पाणी सोडा.

सुचिता : आत्याबाई, डोळे काऊन पुसता?

गोजरबाई : जलमभर पानी मांगितलं नाही या मानसानं. आन इकडं फोन. कुठं दाबाचं, सांग.